मिसिसिपीकाठचं कालवण

भेंडीला तार सुटू नये म्हणून आपण काय काय करतो! धुऊन पंच्यावर कोरडी करतो, सुरी दोनदा पुसतो, परतताना आमसूल टाकतो नाहीतर लिंबू पिळतो, आणि झाकण तर चुकूनही ठेवत नाही. अशा शिस्तीत चाळीस वर्षं भेंडी केलेल्या बाईला कुणी सांगितलं, की जगात एक गाव असं आहे, जिथं भेंडीच्या चिकटपणावरच पातेलंभर कालवण दाट करतात आणि त्यात कोळंबी, खेकडे, कालवं सगळं एकत्र शिजवतात, तर तिचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता.

ते गाव म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं न्यू ऑर्लिन्स. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळण्यापूर्वी शेवटची मोठी वळणं घेते, त्यातल्या एका वळणाच्या कुशीत ते वसलं आहे. आणि ते कालवण म्हणजे गंबो. परदेशी पुस्तकांत त्याला सूप म्हणतात, पण वाटीतून घोट घोट प्यायचं हे सूप नव्हे. खोलगट बशीत मधोमध मूठभर भात आणि भोवती गडद तपकिरी रस्सा, त्यातून डोकावणारी खेकड्याची नांगी. आपल्या भाषेत कालवणच.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये लेकीकडे राहायला गेले होते. ती तिथं संशोधनासाठी होती. लोक सांगत होते, ऑगस्टमध्ये जाऊ नका, उकाड्यानं जीव जाईल. उकाडा होताच. मुंबईचा मे आणि ऑक्टोबर एकत्र करून वर ओल्या टॉवेलानं झाकलेला! पण पुढं कळलं, की गंबोसाठी हाच महिना बरा. भेंडीचा बहर असतो आणि आखातातली पांढरी कोळंबी याच सुमारास जाळ्यात यायला लागते.

पाहायचं ते सगळं पाहिलं. फ्रेंच क्वार्टरमधले लोखंडी नक्षीचे सज्जे पाहिले. नाव फ्रेंच, पण १७८८ आणि १७९४ च्या आगींनंतर ही वस्ती पुन्हा उभी राहिली ती स्पॅनिश अमलात. पिठीसाखरेनं माखलेले गरम बेन्ये खाल्ले. सेंट चार्ल्स रस्त्यावरच्या जुन्या ट्रॅममधून शेवटपर्यंत जाऊन आले. जमिनीत पाणी लागतं म्हणून मृतांना जमिनीवर बांधलेल्या कोनाड्यांत ठेवणाऱ्या दफनभूमी पाहिल्या. हे सारं प्रवासी पुस्तकात मिळेल, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. मला गाव कळलं ते शेजारच्या स्वयंपाकघरात.

शेजारीणबाईंचं पातेलं

लेकीच्या गल्लीतली घरं लांबट आणि अरुंद. त्यांना 'शॉटगन' घरं म्हणतात. पुढच्या दारातून बंदूक झाडली तर गोळी एकाही भिंतीला न लागता मागच्या दारातून बाहेर जावी, अशा खोल्या एकामागोमाग एक. आपण आगगाडीचा डबा म्हटलं असतं. पुढं मात्र छान ओसरी. संध्याकाळी सगळी गल्ली ओसरीवर येऊन बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते. परदेशात आहोत असं वाटेचना.

पलीकडच्या ओसरीवर एक कृष्णवर्णीय बाई बसत. ऐंशीच्या घरातल्या, पांढरे केस, आवाज खणखणीत. त्या गावात लहानथोर सगळ्यांना 'बेबी' म्हणायची पद्धत आहे. साठी ओलांडलेल्या मला कुणीतरी 'बेबी' म्हणतंय, याचं पहिल्या दिवशी हसू आलं आणि आठव्या दिवशी सवय झाली. मी काय रांधते, मसाला कसला, हे विचारून झालं. एकदा भेंडीची भाजी नेऊन दिली. त्यांनी चव घेतली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "चांगली आहे, बेबी. पण एवढी कोरडी का?"

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्याही वर, एक फिकट आडवी रेघ होती. तीनदा रंग दिला तरी ती पुसू दिली नाही म्हणे. २९ ऑगस्ट २००५ ला कत्रिना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या पाण्याची ती रेघ. बाई कित्येक महिन्यांनी परतल्या, तेव्हा घरात चिखल आणि बुरशी याखेरीज काही उरलं नव्हतं. लाकडी कपाटं फुगून फुटली होती, फोटो गेले होते, आईनं हातानं लिहिलेल्या पाककृतींची वही गेली होती. सापडलं ते एक बिडाचं पातेलं. गंजून लाल झालेलं. ते त्यांनी घासून घासून, तेल चोपडून, भट्टीत तापवून पुन्हा माणसात आणलं.

"वही गेली ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "हाताला सगळं आठवत होतं. वहीत आईनं थोडं खोटंही लिहिलं होतं, जावांनी उतरवून घेऊ नये म्हणून."

त्या पातेल्यात रविवारी गंबो करणार होत्या. मला आणि लेकीला आमंत्रण होतं.

आता आमंत्रण आल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं? शनिवारी दुपारी मी जवळच्या मोठ्या दुकानात गेले आणि गोठवलेल्या कोळंबीची दोन पौंडांची पिशवी उचलली. छान सोललेली, दोरा काढलेली, एकसारखी. भावही कमी. पिशवीच्या पाठीवर बारीक अक्षरांत मूळ देश लिहिला होता: भारत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सातासमुद्रापलीकडे आपल्या तळ्यातली कोळंबी! मी ती मिरवतच शेजारी नेली आणि पिशवी उलटी करून ते अक्षरही दाखवलं.

बाईंनी चष्मा चढवला. सावकाश वाचलं. मग विचारलं, "बेबी, हिची डोकी कुठं आहेत?"

"सोललेलीच आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"डोकी नाहीत, टरफलं नाहीत, मग गंबो कशाचा करू?"

पिशवी त्यांनी शीतपेटीत टाकली आणि बसायला सांगितलं. चहा दिला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, की त्यांचा भाचा मिसिसिपीच्या मुखाकडच्या प्लाकमिन्स भागात कोळंबीची बोट चालवायचा. त्याचा बापही तेच करायचा. कत्रिनात बोट गेली, दुसरी घेतली. २० एप्रिल २०१० ला आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट होऊन ११ माणसं मेली आणि ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिलं, तेव्हा मासेमारी बंद झाली. तरीही तो टिकला. शेवटी बोट विकली ती वादळानं नाही, तेलानंही नाही. धक्क्यावर मिळणाऱ्या भावात डिझेलसुद्धा सुटेना म्हणून.

"दुकानात इतकी स्वस्त मिळत असेल तर लोक का नाही घेणार?" त्या म्हणाल्या. मला उद्देशून नव्हे, सहजच. पण माझा चहा घशाखाली उतरेना.

नदीपलीकडचा बाजार

रविवारी पहाटे त्या मला आणि लेकीला गाडीत घालून नदीपलीकडे वेस्टवेगोला घेऊन गेल्या. उघड्या मैदानात मासळीच्या टपऱ्या, बर्फाच्या पेट्या, पायाखाली ओल आणि वास तोच, कुठल्याही किनाऱ्यावर येतो तो. जिवंत निळे खेकडे टोपल्यांत खडखडत होते. कोळंबी डोक्यासकट, मिशांसकट, आकारानुसार वेगवेगळ्या ढिगांत. बाईंनी एक उचलली, डोकं घट्ट आहे का पाहिलं, नाकाशी नेली, परत टाकली. तिसऱ्या टपरीवर त्यांचं समाधान झालं. कोळणीशी घासाघीस करणारी माझी आई आठवली.

टपरीवाला पन्नाशीचा. त्याचे आईवडील १९७५ नंतर व्हिएतनाममधून आले. युद्ध संपल्यावर तिकडची पुष्कळ कोळी कुटुंबं या आखाताच्या काठी येऊन स्थिरावली आणि आज इथल्या बोटींवर त्यांची संख्या मोठी आहे. त्यानं मला विचारलं, कुठल्या? मी आधी पुणं म्हटलं, मग भारत म्हटलं. तो हसला. "तुमची कोळंबी आमच्या कोळंबीआधी दुकानात पोचते!"

हसण्यात कडवटपणा नव्हता, पण मुद्दा खरा होता. अमेरिकेत खपणाऱ्या कोळंबीपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बाहेरून येते आणि ती पाठवणाऱ्या देशांत अलीकडच्या वर्षांत भारत सगळ्यांत पुढे राहिला आहे. आपल्याकडे बहुतेक ती आंध्रात पिकते. 'पिकते' हाच शब्द योग्य, कारण ती समुद्रात पकडलेली नसते, भीमावरमसारख्या गावांच्या भोवती भातखाचरांच्या जागी खणलेल्या तळ्यांत वाढवलेली असते. तिची जात वनामी. मूळची अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतची. २००९ मध्ये आपल्या सरकारनं तिच्या शेतीला परवानगी दिली आणि दहा वर्षांत तळीच तळी झाली. म्हणजे अमेरिकेकडची कोळंबी आंध्रात आली, वाढली, सोलली गेली आणि बर्फात बसून अमेरिकेला परत गेली! सोलणारे हात बहुतांशी बायकांचे. थंडगार पाण्यात तासन् तास उभं राहून टरफलं काढणाऱ्या त्या बायकांना ही टरफलं कुणाच्या तरी पातेल्याचा जीव आहेत, हे कुणी सांगितलं असेल?

भांडण जुनं आहे. २००५ मध्ये अमेरिकेनं भारतासह काही देशांच्या कोळंबीवर जादा शुल्क बसवलं, ते स्वस्तात माल ओतल्याच्या तक्रारीवरून. २०१९ मध्ये लुइझियाना राज्यानं कायदा केला, की खाणावळीत परदेशी कोळंबी वाढत असाल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा. २०२५ पासून तो आणखी कडक केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा मी पुण्यात होते. वर्तमानपत्रात वाचलं, आंध्रातल्या तळ्यांवर भाव कोसळला, शेतकरी हवालदिल झाले. त्या टपरीवाल्याला मात्र त्या दिवशी जरा बरं वाटलं असेल. दोघांपैकी कुणाच्या बाजूनं बोलावं, मला खरंच ठरवता आलं नाही.

टपरीच्या एका कोपऱ्यात लहान लहान पुड्या टांगल्या होत्या. हातात घेतली तर काय, सोडे! आपले सोडे, फक्त आकारानं लहान. लुइझियानात कोळंबी वाळवण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात फिलिपिनो आणि चिनी माणसांचा मोठा हात होता. दलदलीत खांबांवर लाकडी फलाट बांधून ते त्यावर कोळंबी वाळवत आणि ती कडकडीत झाली की पायांनी तुडवून, जणू नाच करत, टरफलं मोकळी करत. 'मनिला व्हिलेज' नावाची अशी आख्खी वस्ती होती. १९६५ च्या 'बेट्सी' वादळात ती वाहून गेली. सोडे अजून विकले जातात आणि गंबोत चिमूटभर घालणाऱ्या घरांची कमी नाही. मी दोन पुड्या घेतल्या. बाईंनी कौतुकानं पाहिलं. शनिवारच्या पिशवीची भरपाई झाली असावी.

बेसनासारखा मैदा

घरी आल्यावर आम्ही तिघी कोळंबी सोलायला बसलो. डोकी आणि टरफलं एका भांड्यात. त्यात कांद्याची सालं, सेलरीचे टोकाचे तुकडे, एक तमालपत्र आणि भरपूर पाणी. अर्धा-पाऊण तास मंद आचेवर. पाणी नारिंगी झालं आणि घरभर असा वास सुटला, की मला माझ्या चुकीचा आकार पुरता समजला. आपण डोकी कोळणीकडेच टाकून येतो. कालवणाचा अर्धा स्वाद तिथंच राहतो.

मग ते बिडाचं पातेलं शेगडीवर चढलं. त्यात तेल, आणि तेलाइतकाच मैदा. याला फ्रेंच शब्द आहे, 'रू'. मैदा तेलात भाजायचा, सतत ढवळत. बाईंनी लाकडी उलथनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "फोन आला तर घ्यायचा नाही. दारावर कुणी आलं तर उघडायचं नाही." मी मनात म्हटलं, बाई, मी बेसनाचे लाडू करणाऱ्या घरातली आहे! खरोखर तीच कला. आधी पिठाचा कच्चा वास, मग बिस्किटासारखा, मग खमंग. रंग पांढऱ्याचा पिवळसर, भाजक्या शेंगदाण्यासारखा, मग तांब्यासारखा. सुमारे ३५-४० मिनिटं लागली. घाई करून आच वाढवली आणि एखादा काळा ठिपका दिसला, तर सगळं फेकून पुन्हा सुरुवात. जळक्या रूची कडवट चव कशानंही जात नाही. आणखी एक, हे मिश्रण साखरेच्या पाकासारखं चिकटून भाजतं, तेव्हा मुलांना शेगडीपासून लांब ठेवावं.

तांब्याचा रंग आला तसा बाईंनी बारीक चिरलेला कांदा ओतला. चर्र झालं, वाफ आली आणि रंग क्षणात एक छटा गडद झाला. पाठोपाठ सेलरी आणि ढोबळी मिरची. या तिघींना तिथं 'पवित्र त्रयी' म्हणतात. आपली आलं-लसूण-मिरची तशीच. लसूण शेवटी.

भेंडी दुसऱ्या शेगडीवर, स्टीलच्या भांड्यात, तेलावर परतत होती. बिडात का नाही? लोखंडानं काळी पडते म्हणून. हे मला सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासात तारा विरल्या आणि मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "तुम्हीसुद्धा तार मारताच की!"

"मारली नाही, बेबी. नुसती शांत केली. आता पातेल्यात जाऊन काम करेल."

आणि केलंच. भेंडी, दोन टोमॅटो आणि गाळलेलं टरफलांचं पाणी असं सगळं एकत्र होऊन तासभर रटरटलं, तेव्हा भेंडी जवळजवळ दिसेनाशी झाली होती आणि रस्सा मखमलीसारखा.

टोमॅटो घालावा की नाही, यावर तिथं घरं फुटतील इतके मतभेद आहेत. शहरातले क्रेओल लोक घालतात, पश्चिमेकडच्या गावांतले केजन लोक नाक मुरडतात. केजन म्हणजे मूळचे कॅनडाच्या अकादी भागातले फ्रेंच. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना हुसकावलं, त्यातले काही भटकत इथं पोचले. रू त्यांचाही आणि शहरातल्या फ्रेंचांचाही. ढोबळी मिरची आणि भातामागं स्पॅनिशांचा हात सांगतात. भांडं उतरवल्यावर वरून भुरभुरायची हिरवट पूड, 'फिले', ही इथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची. सॅसाफ्रास झाडाची पानं वाळवून कुटलेली. ती उकळली तर रस्सा दोऱ्यासारखा होतो, म्हणून नेहमी शेवटी. पूर्वी हिवाळ्यात भेंडी मिळत नसे, तेव्हा दाटपणा या पुडीनं आणत.

आणि भेंडी? ती आफ्रिकेतून आली. १७१८ मध्ये हे शहर वसलं आणि १७१९ मध्ये गुलामांनी भरलेली पहिली जहाजं लुइझियानाला लागली. त्या माणसांना बरोबर काही आणायची मुभा नव्हती. पण गुलामांच्या व्यापाराच्या त्याच वाटांनी भेंडी पोचली, आणि भेंडीचं नाव पोचलं. मध्य आफ्रिकेतल्या बांतू भाषांमध्ये भेंडीला 'किंगोम्बो' म्हणतात. त्याचाच झाला गंबो. १८०३ मधल्या एका सरकारी मेजवानीत गंबो वाढल्याची नोंद आहे. तोवर तो गोऱ्या साहेबांच्या टेबलावर पोचला होता, करणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठं लिहिलेलं नाही.

हे सांगताना शेजारीणबाई उलथनं फिरवत होत्या. "माझी खापरपणजी कुठली, ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती हेच खात असणार."

शेवटचा अर्धा तास राहिला तेव्हा चिरलेले खेकडे गेले. कोळंबी अगदी शेवटी, चार-पाच मिनिटं. गुलाबी होऊन वळली की पुरे. कालवं त्यांच्या पाण्यासकट, कडा आक्रसेपर्यंतच. पातीचा कांदा, पार्सली, आणि दहा मिनिटं झाकून स्वस्थ ठेवायचं. चौदा माणसं जेवली. गल्लीतला टपालवाला ओसरीवर उभ्या उभ्या एक बशी खाऊन गेला.

एके दुपारी आम्ही ट्रेमे भागातल्या 'डूकी चेस' या खाणावळीतही गेलो. १९४१ पासूनची ही जागा लीआ चेस या बाईंनी नावारूपाला आणली. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या वारल्या. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्यानं गुन्हा होता, त्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्ही रंगांची माणसं त्यांच्या माडीवर एकत्र बसत आणि गंबो खात मसलती करत. कत्रिनात खाणावळ बुडाली, तरी २००७ मध्ये पुन्हा उघडली. बराक ओबामांनी चव घेण्याआधीच गंबोत तिखट सॉस ओतला, तेव्हा याच बाईंनी त्यांना दटावलं होतं! मुलांना सांगायचं तर डिस्नेच्या २००९ सालच्या बेडकाच्या चित्रपटातली टियाना यांच्यावरूनच सुचली. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिथं पालेभाज्यांचा हिरवा गंबो करतात. भाज्यांची संख्या विषम हवी, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र मिळतात म्हणे.

आपल्या घरी करायचा तर फार अडचण नाही. सहा माणसांना डोक्यासकट पाऊण किलो कोळंबी, चार लहान खेकडे, पाव किलो कोवळी भेंडी, पाऊण वाटी तेल, पाऊण वाटी मैदा, दोन कांदे, एक ढोबळी मिरची, सेलरीचे तीन दांडे, दोन टोमॅटो, सहा पाकळ्या लसूण आणि टरफलांचं दोन लिटर पाणी. सेलरी नसेल तर मी कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून घालते. चव वेगळी येते, वाईट येत नाही. कालवं मिळाली नाहीत तर सोडून द्या. तिखटपूड बेताची, हळद अजिबात नको, आणि खोबऱ्याचा मोह तर आवराच. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मैत्रिणींना ताजी समुद्री मासळी मिळणं अवघड. त्यांनी गोठवलेली घ्यावी, पण टरफलासकट मिळते का ते आधी पाहावं. शाकाहारी घरांत पालक, मुळ्याचा पाला, कोबी, नवलकोलाची पानं आणि शेपू घालून हिरवा गंबो करून पाहायला हरकत नाही. तिकडे त्यात मांस असतं, पण भाजलेल्या मैद्यावर आणि भेंडीवर तो उभा राहतो. पाच भाज्या, पाच मित्र.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारीणबाईंनी ती शीतपेटीतली पिशवी काढली. कोळंबी मक्याच्या पिठात घोळवून तळली आणि लांबट पावात भरून नातवंडांना दिली. मुलांनी फस्त केली. एक तुकडा त्यांनीही तोंडात टाकला. "गोड आहे," त्या म्हणाल्या. "गंबोला नाही चालणार. पण गोड आहे."

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी मंडईत गेले. आमची नेहमीची कोळीण कोळंबी साफ करायला घेणार, तेवढ्यात मी ओरडले, "डोकी ठेव गं!" तिनं वर पाहिलं, वयपरत्वे माझं काही बिघडलंय का असं. मी ढिगातली जरा मोठी कोळंबी शोधत होते.

"मोठी नाही मिळायची, ताई," ती म्हणाली. "मोठी सगळी बाहेर जाते."

मी मधली घेतली, डोक्यासकट. भेंडी समोरच्याच गाड्यावर होती.